बॅटरी नवीच शे

चावी फिरते. सेल्फ एकदा कुंथतो, अर्धा फेरा घेतो आणि टक् करून गप्प बसतो. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र तसाच लख्ख आहे.

"बॅटरी नवीच शे, नाना," ड्रायव्हर खिडकीतून ओरडतो. "नवरात्रमाच टाकेल शे."

नाना काही बोलत नाहीत. बमरोलीच्या या गल्लीत सेल्फ आणि डायनामोची कामं करणारं त्यांचं दुकान एका शटरएवढं आहे. पाटी गुजरातीत, भिंतीवर कॅलेंडर मराठी, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं अहिराणीत. मागच्या शेडमधले लूम असे खटखटताहेत की दोन हातांवरचं बोलणंही चढ्या आवाजात करावं लागतं. लाभपाचम होऊन बाजार उघडला आहे. रस्त्यावर ग्रे कापडाच्या ताक्यांनी भरलेले टेम्पो पांडेसराच्या मिलांकडे जाताहेत, रंगवून-छापून झालेला माल रिंगरोडच्या मार्केटकडे. हा एक टेम्पो तेवढा अडकून पडला आहे, आणि मालवाल्याचा फोन ड्रायव्हरच्या खिशात सारखा थरथरतो आहे.

ड्रायव्हर शहाद्याकडचा, नाना दोंडाईच्याचे. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खान्देशातली कितीतरी गावं सुरतेला जोडली. लूमवर, मिलमध्ये, टेम्पोवर आणि अशा दुकानांतून ती भेटत राहतात. दुकानातला पोऱ्या मात्र ओडिशातल्या गंजामचा. त्याचे वडील लूमवर आहेत, आणि पोऱ्याला ती खटखट नको आहे म्हणून तो इथे आहे. त्याच्याशी नाना हिंदीत बोलतात.

मीटरच्या दोन पिना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर टेकतात. 12.1.

भरलेली बॅटरी नुसती उभी असताना 12.6 च्या आसपास दाखवते. आत सहा घरं, प्रत्येकाचे दोन व्होल्टहून जरा जास्त. एखादं घर मेलं की आकडा साडेदहाच्या जवळ येतो. 12.1 म्हणजे घरं सगळी जिवंत, पण बॅटरी निम्मीच भरलेली. ड्रायव्हर नवी म्हणतो ते खरं, आणि बॅटरी उपाशी आहे हेही खरं.

"मार सेल्फ."

पुन्हा कुंथणं. नानांची नजर गाडीवर नाही, मीटरवर आहे. आकडा 10.9 पर्यंत उतरतो आणि तिथेच थांबतो. पोऱ्याला ते बोटाने दाखवतात. कमजोर बॅटरी असती तर सेल्फच्या ओढीने नऊच्या घरात कोसळली असती, 9.6 च्या खाली गेली की ती संशयित. ही फारशी कोसळत नाही आणि तरीही सेल्फ फिरत नाही. म्हणजे सेल्फला हवा तेवढा करंट बॅटरीतून निघतच नाही. वाटेत कुणीतरी त्याला धरून ठेवलं आहे.

ड्रायव्हरला हे पटलेलं नाही. त्याच्या समाधानासाठी (मला तरी तसंच वाटतं) नाना दुकानातली मोठी बॅटरी उचलून आणायला लावतात. पोऱ्या जाड केबलींनी प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडतो. आता दोन बॅटऱ्या. चावी फिरते. कुंथणं तेच, टक् तेच. ड्रायव्हर खाली उतरतो आणि पहिल्यांदाच गप्प उभा राहतो.

"धक्का."

चहाच्या टपरीवरचे चौघे आपणहून येतात. लूमच्या पाळीवरून सुटलेली माणसं, केसांत कापसासारखं सूत. भरलेला टेम्पो जड हलतो, दहा-बारा पावलांत वेग घेतो, ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतो आणि इंजिन धडधडून उठतं. चौघे मागे वळूनही न बघता टपरीकडे परततात.

इंजिन चालू होताच डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझतो. बहुतेक ड्रायव्हर याच दिव्यावर विश्वास ठेवतात. दिवा विझला म्हणजे डायनामो वीज तयार करतो आहे, एवढंच कळतं. ती बॅटरीत पोचते की नाही, हे सांगणं त्याचं काम नाही. नाना पट्टा अंगठ्याने दाबून बघतात, सैल नाही. मग लांब पेचकसाचं टोक डायनामोच्या पाठीमागे, बेअरिंगच्या जागी हळूच नेतात. ते खेचलं जाऊन चटकन चिकटतं. आतला रोटर चुंबक झाला आहे, म्हणजे ब्रशमधून त्याला वीज मिळते आहे. मीटर न लावता, डायनामो न उतरवता निम्मा डायनामो तपासून झाला.

पोऱ्याला मध्येच हुशारी सुचते. तो पाना घेऊन बॅटरीच्या टर्मिनलकडे हात नेतो आणि नाना त्या हातावर चापट मारतात. "चालू गाडी का टर्मिनल खोलता है क्या!"

ही चापट योग्य जागी पडली आहे. चालू गाडीची बॅटरी सुटी करायची, इंजिन बंद नाही पडलं तर डायनामो चांगला, ही जुन्या मिस्त्र्यांची परीक्षा. खऱ्याखुऱ्या डायनामोच्या काळात ती खपून जायची. पण 1960 मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट गाडीला सरसकट अल्टरनेटर बसवला, पुढे जगभर तोच रूढ झाला (गॅरेजात त्यालाही डायनामोच म्हणतात), आणि त्याच्या पोटात डायोड आले. बॅटरी हा त्या डायोडांचा आधार असतो. ती एकदम सुटली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड जळतात. नव्या गाड्यांत तर कॉम्प्युटरही जातो. दुखणं शोधताना दुसरं दुखणं लावून देणारी ही परीक्षा अजूनही कित्येक गॅरेजांत चालू आहे.

नाना हेडलाइट लावायला सांगतात. ड्रायव्हर बाराच्या उन्हात दिवे लावतो. आता एक पिन डायनामोच्या जाड वायरीच्या नटावर, दुसरी त्याच्याच अंगावर. 14.2, अगदी हवा तेवढा. मग दोन्ही पिना बॅटरीवर. 13.2.

एक व्होल्ट वाटेत गेला.

एका व्होल्टाने काय होतं, असं ड्रायव्हरला वाटत असणार; मलाही वाटलं असतं. पण बॅटरी चार्ज व्हायला 13.8 ते 14.4 लागतात. 13.2 वर ती दिवसभर गाडी पळूनही भरत नाही. आणि इथेच नवी बॅटरी फसवते. ती दुकानातून भरून येते, त्या भरलेल्या पोटावर काही दिवस सेल्फ ओढून नेते, आणि ड्रायव्हरची, विकणाऱ्याची, मालकाची, सगळ्यांची खात्री पटते की जुनीच खराब होती. विकणारा दर वेळी लबाड असतो असं नाही. बॅटरी बदलायला दहा मिनिटं लागतात, दोष शोधायला दुपार जाते, आणि टेम्पोवाल्याला पैसे फेऱ्यांचे मिळतात.

नाना आता एक पिन डायनामोच्या नटावर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवतात. एकाच वायरीची दोन टोकं; वायर निरोगी असेल तर मीटरला इथे दाखवण्यासारखं जवळजवळ काही नसतं. 0.1. प्लसची वाट मोकळी. मग पिन डायनामोच्या अंगावर आणि बॅटरीच्या मायनसवर.

0.9.

नाना मीटर बंद करतात, हात पुसतात आणि भलताच प्रश्न विचारतात. "ॲक्सिलेटरनी केबल बदली का रे भो?"

ड्रायव्हर चपापतो. "दोनदा. जाम व्हस. पन तुम्हले कसं समजनं?"

गाडीत मायनसची स्वतंत्र वायर प्रत्येक ठिकाणी नेत नाहीत. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. इंजिन मात्र रबरी पायांवर उभं असतं, म्हणून त्याला चेसीशी जोडायला तांब्याची विणलेली पट्टी लागते. तिचा जोड बिघडला की सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअरचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो. इंजिनाला आणि सांगाड्याला दोन्हीकडे टेकलेलं धातूचं जे सापडेल त्यातून तो जातो: ॲक्सिलेटरची केबल, क्लचची केबल. बारीक तार तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, केबल जाम होते. तिच्यासाठी ड्रायव्हर वेगळ्या गॅरेजात गेला, बॅटरीसाठी वेगळ्या दुकानात. दोन्हीकडे त्याने आपापली तक्रार सांगितली, दोन्हीकडे तेवढ्याच तक्रारीचं काम झालं. डॅशबोर्डचा दिवा का मंदावत नव्हता, तेही आता कळतं: त्याचा मायनस थेट सांगाड्यावर, इंजिनाशी त्याचा संबंधच नाही. आणि मघाशी दुसरी बॅटरी लावूनही सेल्फ का फिरला नाही, तर तीही त्याच बंद वाटेच्या अलीकडे जोडली होती.

इंजिन बंद होतं. पोऱ्या पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली सरकतो. "है, लगा हुआ है," तो खालून सांगतो. पट्टी जागेवर आहे, बोल्ट घट्ट आहे.

"खोल."

श्रावणात गाडी पासिंगला काढली होती. त्याआधी क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला, चेसीला काळा रंग मारला, आणि मग पट्टी त्याच रंगावर घट्ट आवळून टाकली. बोल्टखालची जागा आरशासारखी काळी आहे, कडेला गंज. रंगातून वीज जात नाही. पासिंगला आलेल्या साहेबाने तो रंग बघून मान डोलावली असेल.

पोऱ्या पॉलिश पेपरने घासतो. काळ्याखालून चमकतं लोखंड वर येतं. पट्टीच्या टोकाला हिरवट झालेलं तांबं. नाना ती फेकून नवी देतात, दातेरी वॉशर घालून आवळायला लावतात आणि जोडावर वरून ग्रीस चोपडायला सांगतात, कारण इथली दमट हवा उघडं लोखंड फार दिवस उघडं ठेवत नाही.

चावी. बॅटरी तीच निम्मी भरलेली, तरी सेल्फ झरझर फिरतो आणि पहिल्याच फटक्यात गाडी चालू. बॅटरीवर मीटर: 14.0.

नव्या गाड्यांत हे आकडेही भरवशाचे राहिलेले नाहीत, असं नाना चहा घेताना सांगतात. तिथे कॉम्प्युटर डिझेल-पेट्रोल वाचवायला चार्जिंग मुद्दाम खाली आणतो, पुन्हा वर नेतो. जुना आकडा डोक्यात ठेवून बसलेला मिस्त्री चांगला डायनामो उतरवून ठेवतो. तसल्या गाड्या ते स्कॅनरवाल्याकडे पाठवतात.

ड्रायव्हर पैसे मोजतो. पट्टीचे आणि मजुरीचे मिळून जेमतेम एका केबलीएवढे. मग काहीतरी आठवून थांबतो.

"मंग जुनी बॅटरीले काय व्हयेल व्हतं?"

"काहीच नही."

ती एक्स्चेंजमध्ये भंगाराच्या भावाने गेली आहे. ड्रायव्हर एक शिवी हासडतो, ती नेमकी कुणाला हे स्पष्ट होत नाही. नाना त्याला रात्री बॅटरी चार्जिंगला लावून जा म्हणतात, कारण निम्म्या पोटाने फिरवत राहिलास तर प्लेटांवर सल्फेट धरेल आणि ही नवीसुद्धा खरोखरच मरेल. तो हो म्हणतो, फोन कानाला लावतो आणि मालवाल्याला सांगतो की पांडेसराच्या फाटकाशीच पोचलोय.