मास्तरांच्या नावानं एक पेटी

मुलांनो, चोरानं चोरलेली वस्तू स्वतःहून परत आणून ठेवली, असं तुम्ही कधी ऐकलंय का? गोष्टीतलं नाही हं, खरंखुरं! आमच्या कर्जत तालुक्यातल्या नेरळ गावात असं घडलंय.

जुलै २०२४ मधली ही हकिगत. माथेरानची छोटी गाडी जिथून सुटते, तेच हे नेरळ. तिथल्या एका घरची मंडळी बाहेरगावी गेली होती. बंद घर बघून चोर आत शिरला आणि टीव्ही वगैरे घेऊन गेला. तो पुन्हा त्याच घरात आला, तेव्हा तिथला फोटो आणि सन्मानचिन्हं त्यानं पाहिली. अरे, हे तर कवी नारायण सुर्वे यांचं घर! चोर वरमला. त्यानं टीव्ही परत आणून ठेवला आणि माफीची चिठ्ठी भिंतीवर चिकटवून तो निघून गेला.

ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली. आधी सगळे हसले. मग चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, चोरानंसुद्धा त्यांना मान दिला. मग आपण काय द्यायचं?"

मी म्हटलं, आधी ते कोण होते हे तर ऐका!

मुंबईच्या रस्त्यावर एक तान्हं बाळ सापडलं. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं ते घरी नेलं, वाढवलं, त्याला आपलं नाव दिलं. १५ ऑक्टोबर १९२६ हा त्याचा जन्मदिवस मानतात. या मुलाची शाळा मध्येच सुटली. त्यानं हॉटेलात, गिरणीत, मिळेल तिथे काम केलं. मोठेपणी तो महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला. नोकरी करता करता अभ्यास केला, परीक्षा दिली आणि शाळेत शिक्षक झाला! १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला. १९९५ साली परभणीच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९८ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते गेले. उतारवयात त्यांचं घर नेरळला होतं.

"म्हणजे ते आपल्या तालुक्यातलेच मास्तर!" मुलं म्हणाली. आणि ठरलंच. १५ ऑक्टोबरला शेजारच्या गावच्या वाचनालयाला मास्तरांच्या नावानं पुस्तकं द्यायची. दिवसही छान जुळून आला. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवसही तोच. २०१५ पासून महाराष्ट्रात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो.

आठवडाभरात टेबलावर ढीग जमला. पण ढिगात होतं काय? सोडवून झालेली गाईडं, मधली पानं गेलेली कोडी, जुनी कॅलेंडरं आणि कुठल्याशा मिक्सरचं माहितीपत्रक! आम्ही ते सगळं पिशव्यांत भरून वाचनालयात नेलं. तिथले काका चष्मा वर करून एकेक वही-पुस्तक बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "पोरांनो, रागावू नका. पण वाढदिवसाला कुणी तुम्हाला असं दिलं, तर चालेल का?"

सगळ्यांचे चेहरे उतरले. माझाही! कारण पिशव्या भरताना मीही नीट बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी आपणहून नियम केला. जे पुस्तक देताना थोडं जिवावर येईल, तेच द्यायचं. एकानं आजोबांनी दिलेलं सिंदबादच्या सफरींचं पुस्तक आणलं. देण्याआधी रात्री जागून पुन्हा एकदा वाचूनही काढलं, बरं का! कुणी खाऊचे पैसे आणले.

ठाकूरवाडीवरची एक मुलगी मात्र गप्प होती. विचारलं तर म्हणाली, "बाई, आमच्या घरात पुस्तकच नाही. आणि वाचनालयात मी गेले तरी मला देणार नाहीत. आधी पैसे भरावे लागतात."

वर्ग एकदम शांत झाला. वाचनालयाची वर्गणी आणि अनामत कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. वाचनालय तरी काय करणार? तेही वर्गणीवरच चालतं. पण आपण पुस्तकं द्यायची, ती कपाटात जायची आणि ज्यांच्याकडे एकही पुस्तक नाही त्यांनी काचेतून बघायची, याला काय अर्थ?

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यातला पहिलाच असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आणि दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. आमच्या वाडीवरच्या मुलीनं नेमकं हेच बोट ठेवलं होतं!

मग मला नाशिकची आठवण झाली. तिथल्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना चालवली. कुणी आपल्या वाढदिवसाला, कुणी आपल्या माणसाच्या स्मरणार्थ देणगी देतं. त्यातून १०० पुस्तकांची पेटी तयार होते आणि ती पेटीच वाचकांकडे जाते. १०० नाही, पण २० पुस्तकांची पेटी आपल्याला जमणार नाही का?

काकांना विचारलं. त्यांनी समितीपुढे विषय ठेवला आणि तोड निघाली. खाऊच्या पैशांतून शाळेच्या नावानं एकच वर्गणी भरायची. पुस्तकं वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत चढवायची, प्रत्येकाला क्रमांक आणि शिक्का. पहिल्या पानावर चिठ्ठी, 'कवी नारायण सुर्वे यांच्या स्मरणार्थ'. आणि दर पंधरा दिवसांनी २० पुस्तकं पत्र्याच्या पेटीतून वाडीवर!

देवघेवीची वही कुणी सांभाळायची? अर्थात, त्याच मुलीनं! पहिली नोंद तिनं स्वतःच्या नावाची केली. पुस्तक कुठलं? सिंदबाद!

पुढच्या पावसाळ्यात एक पुस्तक ओढ्याच्या पाण्यात पडलं. मला वाईट वाटलं. काका म्हणाले, "अहो बाई, कपाटात बुरशी लागून जाण्यापेक्षा वाचायला नेताना भिजलं, हे बरं!" आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. आता पेटीत कडुलिंबाचा सुकलेला पाला असतो आणि वरून प्लॅस्टिकचा कागद.

तुम्हीही हे करू शकता. आपल्या भागातला एखादा लेखक किंवा कवी शोधा. आधी वाचनालयात जाऊन विचारा, त्यांना कोणती पुस्तकं हवी आहेत. फाटकं, अर्धवट देऊ नका. आणि एक प्रश्न जरूर विचारा, "हे पुस्तक ज्याच्याकडे एकही नाही, त्याच्या हाती कसं जाईल?"

१५ ऑक्टोबर २०२६ हा सुर्वे मास्तरांच्या जन्मशताब्दीचा दिवस. आमच्या पेटीतला सिंदबाद आजवर इतक्या हातांतून फिरलाय, की कव्हर तिसऱ्यांदा घालावं लागलं. ज्यानं तो दिला, तो मुलगा परवा विचारत होता, "बाई, माझा नंबर परत कधी?" मी म्हटलं, "वहीवाल्या ताईला विचार. रांग मोठी आहे!"