प्रत्येक अशक्तपणा सिकलसेलचा नसतो

प्रकाशा आणि तापीकाठच्या गावांत काम करताना आम्हाला एक वाक्य वारंवार ऐकू येते : "रक्त कमी आहे, सिकलसेल असेल." नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल आणि रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असल्याने तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण याच अशक्तपणामागे कधी रक्ताचा कर्करोगही असतो. तपासणी न करता नुसत्या लोहाच्या गोळ्या घेण्यात किंवा भगताकडे फेऱ्या मारण्यात मोलाचा वेळ जातो.

फरक काय?
सिकलसेल आई-वडिलांकडून जन्मतःच येतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. रक्ताचा कर्करोग बहुधा आनुवंशिक नसतो आणि कोणत्याही वयात होऊ शकतो. अस्थिमज्जेत सदोष पेशी बेसुमार वाढून निरोगी पेशींना जागा उरत नाही, तो ल्युकेमिया. लसिका ग्रंथींत सुरू होतो तो लिम्फोमा आणि मज्जेतील प्लाझ्मा पेशींचा तो मायलोमा. यांपैकी एकही संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवू नका. त्या वेगळेपणाची वेदना आपल्या समाजाला ठाऊक आहे.

केव्हा सावध व्हावे?
न हटणारा ताप, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर निळसर डाग, मान-काखेत न दुखणारी गाठ, उतारवयात सततची हाडदुखी. अशा वेळी आधी सीबीसी ही साधी रक्ततपासणी करावी. संशय आल्यास अस्थिमज्जेची तपासणी होते. गाठ असेल तर सीबीसी चांगली आली तरी थांबू नये. बायोप्सीनेच निदान होते.

उपचार आहेत
मुलांमधला ल्युकेमिया केमोथेरपीने अनेकदा पूर्ण बरा होतो. सीएमएल या प्रकारात इमॅटिनिबच्या रोजच्या गोळीवर रुग्ण वर्षानुवर्षे चांगले जगतात. काहींना मज्जा प्रत्यारोपण लागते. आयआयटी मुंबई व टाटा रुग्णालयाच्या सहकार्यातून घडलेल्या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. परळच्या टाटा रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग मदत करतो. ६ डिसेंबरला आपण ज्या दादरला उतरतो, तिथेच गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते.

तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केली होती. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर पाच मिनिटे या लक्षणांवर बोलूया. वेळीच केलेली एक रक्ततपासणी एखादे घर वाचवू शकते.