गृहभेटींचे मोजमाप

फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या परिसरात पोलाद टनांनी मोजले जात आहे. परंतु जवळच्याच बोरसीसारख्या वस्तीत, जेमतेम दोन किलो वजनाचे अर्भक कुशीत घेऊन बसलेल्या बाळंतिणीची प्रगती कोणत्या तराजूत तोलावी?

छत्तीसगडात २००२ साली मितानीण कार्यक्रम सुरू झाला. मितानीण म्हणजे जिवाभावाची सखी. रुग्णालयातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी सेविकेने घरी जावे, असा गृहभेटींचा क्रम आहे. सहा भेटी झाल्या, एवढे नोंदवही सांगते. त्या भेटींनी काय साधले, हे केवळ संख्येवरून उमगत नाही.

अमेरिकेतील ओमाहा नगरीच्या गृहभेट-परिचारिकांनी यासाठी एक सोपी पद्धती घडविली. प्रत्येक अडचणीबाबत ज्ञान, आचरण आणि स्थिती या तीन गोष्टींना एक ते पाच असे गुण द्यावयाचे. बाळाला ऊब हवी, हे आईस ठाऊक आहे काय? ती त्याला गुंडाळून उराशी धरते काय? आणि बाळाचे तळपाय खरोखरच उबदार आहेत काय? ज्ञानाला चार आणि आचरणाला दोन गुण पडले, तर पुन्हा उपदेश करून काय उपयोग? घरात कोरडे कापड नसेल, किंवा सासूबाईंची संमती नसेल. अशा वेळी बोलणे सासूबाईंशीच करावयास हवे.

असे काटेकोर मोजमाप आपल्याकडेही झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत सेविकांना वजनकाटा, तापमापक आणि श्वास मोजण्याची रीत शिकविली. तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून, १९९८ साली संपलेल्या तिसऱ्या वर्षी, २५.५ वर आले. पुढे २०११ मध्ये ही गृहसेवा देशभर स्वीकारली गेली.

घरी ओली बाळंतीण असेल, तर सेविकेला केवळ चहा देऊन निरोप देऊ नये. बाळाचे वजन मागील भेटीहून किती वाढले, हे आवर्जून विचारावे. बाळ दूध ओढीनासे झाले, अंग थंड पडले वा तापले, किंवा शांत असतानाही श्वास मिनिटाला साठ वा अधिक झाला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मोजमापाचे सार्थक वहीत नाही. वेळेवर उचललेल्या पावलात आहे.