एक संगणक, दोन गेम आणि पिंपळगावचा पत्ता

आपल्या नगर जिल्ह्यात पिंपळगाव नावाची गावे किती आहेत, हे एकदा मोजून पाहा. नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी आहे, पिंपळगाव उज्जैनी आहे. श्रीगोंद्यात पिंपळगाव पिसा, पारनेरमध्ये पिंपळगाव रोठा आणि अकोल्यात पिंपळगाव खांड. पाकिटावर कुणी नुसते ‘पिंपळगाव, जिल्हा नगर’ एवढेच लिहिले, तर पोस्टमनने ते द्यायचे कुठे? श्रोतेहो, नेमका हाच घोटाळा कधी कधी संगणकाच्या पोटात होतो. एकाच गेमच्या दोन देशांतल्या दोन आवृत्त्या एका संगणकावर टाकायला गेले की पत्त्याची गफलत होते. विषय मुलांच्या खेळाचा वाटेल, पण या खेळापायी एका घराचा हिशेब बुडालेला मी पाहिला आहे. आणि तो बुडवणारा मीच होतो.

मी नगरमध्ये संगणक दुरुस्त करतो. काही वर्षांपूर्वी राहुरी तालुक्यातले एक गृहस्थ संगणक घेऊन आले. सोबत सातवीतला मुलगा. मुलाकडे एक गेम आधीपासून होता, आपल्याकडे विकत मिळणारा. त्याच गेमची दुसरी आवृत्ती त्याच्या मामाने ऑस्ट्रेलियाहून आणली होती. मुलाने नवी डिस्क घातली, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेम बसवला आणि जुना गेम बंद पडला. मग त्याने नवा काढून टाकला, तर दोन्ही अर्धवट राहिले. वडील म्हणाले, “सर, पोराचा गेम काही बसंना. तेवढं करून द्या, दोन दिवस झाले जेवंना धड.” एवढे सांगून ते मार्केट यार्डात गेले.

मी सोपा मार्ग धरला. मुलाला विचारले, “यात महत्त्वाचं काही आहे का रे?” तो म्हणाला, “काही नाही सर, गेमच आहेत.” मी सी ड्राईव्ह फॉरमॅट केला, विंडोज नव्याने टाकले, गेम बसवून दिला. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. त्यांचे गावात दूध संकलन केंद्र होते. कुणाचे किती लिटर, फॅट किती, उचल किती, हा सगळा हिशेब त्याच संगणकावर ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये होता. मी विचारले होते मुलाला, वडिलांना नव्हे. पुढच्या तीन रात्री मुलगा आणि त्याची आई रजिस्टर समोर ठेवून आकडे भरत बसले. गावातल्या लोकांचा दुधाचा पगार चार दिवस उशिरा झाला. मला कुणी एक शब्द बोलले नाही, पण ती गोष्ट आजही बोचते. कारण फॉरमॅट करण्याची मुळात गरजच नव्हती.

आता हा प्रकार समजून घेऊ. देशोदेशी एकाच गेमच्या वेगळ्या आवृत्त्या का निघतात? कधी केवळ बाजारपेठेसाठी. २००७ च्या विश्वचषकाच्या सुमारास कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीचा क्रिकेटचा गेम आला. इंग्लंडमध्ये त्याच्यावर ब्रायन लाराचे नाव होते, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रिकी पाँटिंगचे, तर भारतात युवराज सिंगचे. खेळ तोच, वेष्टनावरचा खेळाडू वेगळा. प्रत्यक्ष विश्वचषकात आपला संघ त्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडला. तेव्हा पोरांनी संगणकावर भारताला जिंकवून समाधान करून घेतले, ही गोष्ट निराळी.

कधी कारण कायद्याचे असते. १९९८ मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ’ या गेमच्या जर्मनीतील आवृत्तीत माणूस असलेल्या सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले होते, कारण तिथे हिंसाचाराबाबतचे नियम कडक होते. कधी भाषा बदलते, कधी रक्ताचा रंग बदलतो. आणि या आवृत्त्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही. दोन संगणक जोडून दोघांनी खेळायचे असेल, तर बहुतेक गेम दोन्हीकडे एकच आवृत्ती मागतात. म्हणून परदेशातल्या मामेभावाबरोबर खेळायला त्याची आणि गल्लीतल्या मित्राबरोबर खेळायला आपली, अशा दोन्ही ठेवाव्या लागतात.

भांडण कुठे होते? विंडोजमध्ये गेम बसवला की तो तीन ठिकाणी बिऱ्हाड करतो. पहिले ठिकाण म्हणजे फोल्डर. सी ड्राईव्हवर ‘प्रोग्राम फाइल्स’ नावाच्या वाड्यात त्याला एक खोली मिळते. खोलीच्या दारावर गेमचे नाव असते. दुसरी आवृत्ती त्याच नावाची असेल, तर ती सरळ त्याच खोलीत शिरते आणि आधीच्या फाइलींवर आपल्या फाइली टाकते.

दुसरे ठिकाण म्हणजे रजिस्ट्री. हे विंडोजचे तलाठी दप्तर समजा. कोणता प्रोग्राम कुठे बसला आहे, तो काढायचा कसा, याची नोंद इथे असते. दोन्ही आवृत्त्या एकाच नावाने नोंद करू लागल्या, तर दुसरी बसवताना संगणक म्हणतो, हा गेम आधीच आहे, दुरुस्त करू की काढून टाकू? घाईत ‘काढा’ म्हटले की पहिली जाते.

तिसरे ठिकाण म्हणजे आपण खेळलेला डाव जिथे साठतो ती जागा. पुष्कळ गेम तो डाव ‘डॉक्युमेंट्स’मध्ये किंवा ‘अॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात. दोन्ही आवृत्त्या एकाच जागी डाव साठवू लागल्या, तर एकीचा डाव दुसरीला वाचता येत नाही किंवा पुसला जातो. मुलांचे रडू बहुधा या तिसऱ्या ठिकाणाचे असते.

तेव्हा उपाय एवढाच की तिन्ही ठिकाणचे पत्ते वेगळे ठेवायचे. पण सुरुवात त्याच्याही आधीपासून करायची. प्रथम डावाचे फोल्डर शोधून त्याची प्रत पेनड्राईव्हवर घ्या. त्याच वेळी घरातली कागदपत्रे, फोटो, हिशेब यांचीही प्रत घ्या. मग दुसरी आवृत्ती बसवताना ‘नेक्स्ट’ दाबत सुटू नका. फोल्डर विचारले की ‘ब्राउज’ करून वेगळे नाव द्या, उदाहरणार्थ डी ड्राईव्हवर ‘गेम-भारत’ आणि ‘गेम-ऑस्ट्रेलिया’. पहिले ठिकाण सुटले.

तिसऱ्यासाठी विंडोजमध्ये दुसरे वापरकर्ता खाते उघडा. प्रत्येक खात्याचे ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘अॅपडेटा’ स्वतंत्र असतात. एका खात्यातून भारताची आवृत्ती खेळायची, दुसऱ्यातून ऑस्ट्रेलियाची. डाव मिसळत नाहीत. वडिलांच्या हिशेबासाठी तिसरे खाते पासवर्ड लावून ठेवले, तर आणखी बरे.

उरले दुसरे ठिकाण, रजिस्ट्री. तिचा काही भाग खात्यागणिक वेगळा असतो, पण काही भाग साऱ्या संगणकाला सामायिक असतो. त्यामुळे खाते बदलूनही ‘हा गेम आधीच आहे’ असे उत्तर येऊ शकते. काही जुने गेम मात्र नुसत्या फोल्डरवर चालतात. पहिला बसवायचा, त्याच्या फोल्डरची प्रत वेगळ्या जागी ठेवायची, मूळ गेम रीतसर काढायचा आणि मग दुसरा बसवायचा. प्रत चालली तर काम झाले. नाही चालली, तर आभासी संगणक हा शेवटचा मार्ग. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत प्रोग्रामने संगणकाच्या आत दुसरा संगणक तयार करता येतो. त्याचे विंडोज वेगळे, फोल्डर वेगळे, रजिस्ट्रीही वेगळी. मात्र त्यासाठी मेमरी आणि डिस्कवर जागा भरपूर लागते, त्यातल्या विंडोजचा परवाना वेगळा लागतो आणि जड चित्रांचे गेम त्यात रखडतात.

दोन शंका मला नेहमी विचारल्या जातात. पहिली, जपानी किंवा कोरियन गेम टाकला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे का दिसतात? जुने गेम युनिकोड वापरत नाहीत. त्यांना कोणती अक्षरे दाखवायची, हे विंडोजच्या ‘रीजन’ या सेटिंगमध्ये सांगावे लागते. अशी भाषा एका वेळी एकच ठेवता येते आणि बदलली की संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर जशी चित्रविचित्र दिसते, तसाच हा अनुभव. गेम बिघडलेला नसतो.

दुसरी शंका डीव्हीडीच्या रीजनची. जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे आणि भारत ५ क्रमांकात येतो, हे खरे. पण ती पद्धत सिनेमाच्या डीव्हीडीची. गेमच्या डिस्कला ती लागू नाही. गेमसाठी म्हणून कुणी संगणकातल्या ड्राईव्हचा रीजन बदलत बसू नये. तो साधारण पाचच वेळा बदलता येतो, मग कायमचा बसतो.

अलीकडे डिस्क मागे पडल्या. स्टीमसारख्या दुकानातून घेतलेल्या पुष्कळ गेममध्ये भाषा सेटिंगमधून निवडता येते, दोन आवृत्त्या लागतच नाहीत. पण मोबाईलचे गेम एम्युलेटर टाकून संगणकावर खेळण्याची पद्धत आली आणि जुनाच प्रश्न नव्या रूपात आला. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक गेमला पडद्यावरच्या नावाखेरीज एक आतले पूर्ण नाव असते. पबजीच्या जागतिक आवृत्तीचे आतले नाव ‘कॉम डॉट टेन्सेंट डॉट आयजी’, तर भारतातल्या बीजीएमआयचे ‘कॉम डॉट पबजी डॉट आयमोबाईल’. पिंपळगाव माळवी आणि पिंपळगाव पिसा यांच्यासारखेच हे. नावे वेगळी, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी बसतात, भांडत नाहीत.

इथे धोका वेगळा आहे. पबजी मोबाईलवर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली. २०२१ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने भारतासाठी बीजीएमआय आणला. जुलै २०२२ मध्ये तोही अडवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. परत आला तेव्हा १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. ही मर्यादा चुकवायला काही मुले परदेशी आवृत्ती शोधतात. ती अधिकृत दुकानात मिळत नाही, म्हणून कुठून तरी आलेली फाइल टाकतात. अशा फाइलीत गेमबरोबर काय येईल याचा भरवसा नाही, आणि त्याच यंत्रावर घरातल्यांचे बँकेचे व्यवहार चालतात. मुलाच्या संगणकात एकाच गेमची दोन चित्रे दिसली, तर रागावण्याआधी दुसरे कुठून आणले, एवढे शांतपणे विचारा.

राहुरीचे ते गृहस्थ अजूनही माझ्याकडेच येतात, हा त्यांचा मोठेपणा. नंतर त्यांच्या संगणकावर मी दोन्ही आवृत्त्या नीट बसवून दिल्या. दोन फोल्डर, दोन खाती आणि हिशेबासाठी तिसरे. फॉरमॅट न करता. काम तासाभराचे होते. तेव्हापासून संगणक कुणीही आणला, तरी झाकण उघडण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, “घरात हा कोण कोण वापरतं?” आणि उत्तरात जितकी नावे येतात, तितक्यांना फोन करून मगच कामाला हात घालतो.