न निघालेल्या तबकडीचे श्रोते

रॉक संगीतात अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचे साठे पुष्कळ आहेत. परंतु जी तबकडी कधी निघालीच नाही, तिच्याभोवती श्रोत्यांच्या दोन पिढ्यांनी संकलनाची, तुलनेची आणि चिकित्सेची परंपरा उभी करावी, याचे ‘द बीच बॉइज’ या अमेरिकन बँडच्या ‘स्माइल’इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न या गावी १९६१मध्ये ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे विल्सन बंधू, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनी हा बँड सुरू केला, आणि समुद्रलाटांवरचा खेळ, मोटारी व तारुण्य यांवरच्या गाण्यांनी तो लोकप्रिय झाला. मे १९६६मध्ये आलेल्या ‘पेट साउंड्स’ या तबकडीने मात्र थोरला भाऊ ब्रायन हा असामान्य कुवतीचा संगीतरचनाकार असल्याचे सिद्ध केले. त्याच वर्षी त्याने व्हॅन डाइक पार्क्स या तरुण गीतकाराच्या साथीने ‘स्माइल’चे काम हाती घेतले.

ही तबकडी अपुरी का राहिली आणि अपुरी राहूनही ऐकण्याजोगी का ठरली, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तिच्या रचनापद्धतीत आहे. त्या काळी गाणे सहसा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवून मुद्रित केले जाई आणि अशा प्रत्येक प्रयत्नाला ‘टेक’ म्हणत. ब्रायनने ‘गुड व्हायब्रेशन्स’ या गाण्यासाठी ही रीत सोडली. फेब्रुवारी ते सप्टेंबर १९६६ या काळात लॉस एंजलिसमधील चार स्टुडिओंत त्याने गाण्याचे सुटे खंड वेगवेगळ्या वाद्यमेळांत मुद्रित केले आणि नंतर चुंबकीय फीत पात्याने कापून, हवे ते तुकडे चिकटपट्टीने जोडून साडेतीन मिनिटांचे गाणे सिद्ध केले. ऑक्टोबरमध्ये निघालेले हे गाणे अमेरिकेत व ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. एका गाण्यासाठी यशस्वी झालेली ही पद्धत संपूर्ण तबकडीला लावल्यावर मात्र शक्यतांचा गुणाकार सुरू झाला, कारण कोणताही खंड कोणत्याही गाण्यात जाऊ शकत होता. ‘डू यू लाइक वर्म्स’मधील हार्प्सिकॉर्डवरची एक छोटी सुरावट ‘हीरोज अँड व्हिलन्स’च्या ध्रुपदात शिरली, आणि त्या दुसऱ्या गाण्याचे खंड तर इतके वाढले की त्याचा अंतिम क्रम महिनोन्‌महिने ठरेना.

दरम्यान ‘कॅपिटॉल’ या कंपनीकडे १२ गाण्यांची हस्तलिखित यादी पोहोचली होती आणि फ्रँक होम्स या चित्रकाराने काढलेल्या हास्यविक्रीच्या दुकानाच्या चित्राची वेष्टने चार लाखांहून अधिक संख्येने छापून तयार होती. तबकडी मात्र आली नाही. मे १९६७मध्ये बँडचा प्रसिद्धिप्रमुख डेरेक टेलर याने ती रद्द झाल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये ‘स्मायली स्माइल’ ही साध्या वाद्यमेळाची, घरगुती वळणाची तबकडी तिच्या जागी आली. कंपनीशी चाललेला न्यायालयीन वाद, पार्क्सच्या शब्दांविषयी बँडमध्येच असलेला संशय, ब्रायनचे ढासळते मानसिक स्वास्थ्य आणि अमली पदार्थ ही कारणे सर्वत्र सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण कापाकापीच्या या रचनापद्धतीने निर्माण केलेला पेच त्यांच्याइतकाच वजनदार होता, हे मूळ फिती ऐकल्यावाचून उमगत नाही.

या फिती श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या त्या आडवाटेने. ‘कॅबिनेसन्स’सारखी काही गाणी बँडनेच १९६९च्या ‘ट्वेंटी/ट्वेंटी’ तबकडीत घेतली. उरलेले साहित्य १९८०च्या दशकात कॅसेटींवरून हातोहात फिरू लागले. कॅसेटची नक्कल, त्या नकलेची पुन्हा नक्कल, अशा प्रत्येक पिढीगणिक खरखर वाढे, वरचे स्वर बोथट होत आणि दोन यंत्रांच्या गतीत फरक असला तर संपूर्ण गाण्याची पट्टीच चढे किंवा उतरे. म्हणून जाणते संग्राहक आपल्याकडची प्रत मूळ फितीपासून कितव्या पिढीची आहे, याची नोंद ठेवत. १९९०च्या दशकात ‘व्हिगोटोन’ आणि ‘सी ऑफ ट्यून्स’ या नावांनी बूटलेग, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीवाचून काढलेल्या, सीडी आल्या आणि त्यांतील स्वच्छ ध्वनीमुळे अभ्यासाची पातळीच बदलली. या व्यवहारात कलावंतांच्या पदरी काहीच पडत नव्हते, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही रसिकांनी या फिती जिवंत ठेवल्या नसत्या तर पुढच्या अधिकृत प्रकाशनांची मागणीच उभी राहिली नसती.

या फितींवर नेमके काय ऐकू येते? नियंत्रणकक्षातून ध्वनिक्षेपकावर बोलणारा, २४ वर्षांचा ब्रायन चार-सहा मात्रांतच वादन थांबवतो, एखाद्या वाद्याचा आघात हलका करायला सांगतो, लय किंचित ओढतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावतो. समोर हॅल ब्लेन, कॅरल के यांच्यासारखे त्याच्याहून वयाने आणि अनुभवाने मोठे व्यावसायिक वादक आहेत आणि ते त्याचे म्हणणे गांभीर्याने घेत आहेत. जूल्स सीगल यांच्या १९६७मधील गाजलेल्या लेखापासून वेडावत चाललेल्या प्रतिभावंताची जी प्रतिमा रूढ झाली, तिच्याशी हा आवाज जुळत नाही. तो थकलेला असेल, चिडलेला असेल, पण आपल्याला काय हवे आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचे सर्वांत मोठे मोल येथे आहे, कारण प्रकाशित तबकडी फक्त निवड दाखवते आणि फीत निवडीमागचे श्रम दाखवते.

‘द एलिमेंट्स’ या नियोजित रचनेतील अग्नीच्या खंडाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पाश्चात्त्य परंपरेत आकाश वगळून पृथ्वी, आप, तेज, वायू अशी चारच महाभूते मानतात आणि त्यांवर ही रचना बेतली होती. २८ नोव्हेंबर १९६६ रोजी गोल्ड स्टार स्टुडिओत अग्नीचे मुद्रण झाले, तेव्हा वादकांना अग्निशमन दलाची शिरस्त्राणे घालायला दिली होती. त्यानंतर जवळपास लागलेल्या आगींना आपले संगीतच कारणीभूत असल्याच्या भीतीने ब्रायनने फिती जाळल्या, अशी दंतकथा अनेक वर्षे सांगितली गेली. फिती शाबूत होत्या. शिरस्त्राणांचा गाजावाजा बाजूला ठेवून त्या ऐकल्या, तर घसरत जाणारी तंतुवाद्ये आणि खालच्या स्वरांतील दाट गर्जना यांची अत्यंत काटेकोर बांधणी तेवढी जाणवते.

२००४मध्ये ब्रायनने, डॅरियन सहनाजा या वादकाच्या व खुद्द पार्क्सच्या मदतीने, ‘स्माइल’ तीन भागांत गुंफून लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये २० फेब्रुवारीला सादर केले आणि त्याच वर्षी नव्याने मुद्रित करून प्रकाशित केले. हे सादरीकरण हृद्य आहे. परंतु साठीतल्या कलावंताने जुन्या साहित्याला दिलेला तो आकार आहे आणि १९६७चा आराखडा म्हणून त्याचा पुरावा देता येत नाही. २०११च्या ‘द स्माइल सेशन्स’ या अधिकृत संचाच्या पहिल्या सीडीनेही बव्हंशी तोच क्रम स्वीकारला, हे समजण्यासारखे असले तरी अभ्यासकाने सावध राहण्याजोगे आहे. त्या संचाचे खरे वैभव उरलेल्या चार सीडींत आहे, आणि ‘सर्फ्स अप’ या गाण्याच्या एका मुद्रणात. १९७१मध्ये हे गाणे प्रकाशित करताना पहिल्या भागासाठी कार्लचा नवा आवाज आणि दुसऱ्या भागासाठी ब्रायनचे १९६६मधील पियानोवरचे गायन जोडावे लागले होते. संचाच्या तयारीत मात्र १९६७च्या उत्तरार्धातील, म्हणजे ‘स्माइल’ रद्द झाल्यानंतरच्या एका फितीवर ब्रायनने पियानोवर एकट्याने म्हटलेले हेच गाणे सापडले. त्याने हे संगीत टाकून दिले आणि त्याकडे पाठ फिरवली, असे विधान यापुढे सरसकट करता येणार नाही.

११ जून २०२५ रोजी ब्रायन विल्सन यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या खंडांचे नवनवे क्रम लावून पाहणे श्रोत्यांनी थांबवलेले नाही. मात्र ‘द एलिमेंट्स’मधील वायू आणि पृथ्वी यांचे खंड नेमके कोणते, याचा निवाडा कोणत्याही फितीने होत नाही, आणि कित्येक गाण्यांवर गायन चढवायचे राहूनच गेले, त्यामुळे तेथे केवळ वाद्यमेळच हाती लागतो.