आण्णा, तुम्ही स्वतः पाहिलंत का?

आजचा विषय बचतीचा नाही आणि कर्जाचाही नाही, पण गटाच्या बैठकीतूनच तो माझ्यासमोर आला. घरातली मोठी माणसं एखाद्या समाजाबद्दल वाईट बोलतात आणि आपल्याला ते पटत नाही. अशा वेळी सुनेनं काय करायचं? गप्प बसायचं, भांडायचं, की आणखी काही करता येतं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातली एक ताई मुलाकडे राहायला गेली आणि एक जागा रिकामी झाली. गावाबाहेर गायरानाच्या कडेला फासेपारधी समाजाची चार-पाच घरं आहेत. तिथली एक बाई आमच्याबरोबर खुरपणीला येते. तिनं विचारलं, "मला घ्याल का गटात? महिन्याचे शंभर चुकवणार नाही." थोडी कुजबूज झाली, पण गटानं होकार दिला. पुढची बैठक आमच्या घरी होती.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. माझे चुलत सासरे आण्णा म्हणाले, "पारध्याची बाई घरात? घर बघून जाईल आणि रात्री माणसं पाठवील." सासूबाई म्हणाल्या, "बैठक घ्यायचीच असली तर देवळात घे." मालक मान खाली घालून जेवत राहिले. मला राग आवरला नाही. "तुमचे विचारच बुरसटलेले आहेत," असं मी बोलून गेले. आण्णा ताटावरून उठले. आठ दिवस घरात अबोला होता आणि बैठक देवळाच्या सभामंडपातच झाली. माझं म्हणणं खरं होतं, पण त्याचा उपयोग काहीच झाला नाही.

मग मी विचार केला की हे 'चोर जमात' आलं कुठून? आण्णांनी ते स्वतः शोधून काढलेलं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं होतं, त्यांच्या वडिलांनीही ऐकलं होतं. त्यामागे एक कायदा आहे.

इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही आला. एखाद्या माणसानं चोरी केली तर त्याला शिक्षा करणं वेगळं. या कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. सरकारनं एखाद्या जमातीचं नाव यादीत घातलं की त्याविरुद्ध कोर्टातही दाद मागता येत नव्हती. त्या लोकांची नोंद व्हायची, हजेरी द्यावी लागायची, परवान्याशिवाय गाव सोडता यायचं नाही. काहींना तारेच्या कुंपणात ठेवलं जायचं. सोलापूरची सेटलमेंट अशीच होती. तिथं जन्मलेल्या मुलाचा गुन्हा एवढाच, की तो तिथं जन्मला.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. म्हणजे आपल्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्टला ते विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण गावाच्या तोंडातला शब्द गेला नाही. चोरी झाली की पोलीस आधी पालावर आणि गावाचं बोटही तिकडेच.

दुसरी गोष्ट पोटाची. फासे लावून तितर, लाव्हे, ससे पकडणं हा त्यांचा पिढीजात धंदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा ठरली. जंगल आणि प्राणी वाचवायला कायदा हवाच होता. पण ज्यांचं पोट त्यावर होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे ना जमीन होती ना कागदपत्रं. आपणही कागदासाठी तलाठी कार्यालयात हेलपाटे घालतो. मग ज्याचा राहण्याचा पत्ताच कुणी मान्य करत नाही, त्याचं काय होत असेल?

हे मी आण्णांना भाषण म्हणून ऐकवलं नाही. एकदा ते एकटेच ओट्यावर बसले होते. मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, "आण्णा, आपल्या गावात पारध्यानं चोरी केलेली तुम्ही स्वतः पाहिलीत का?" ते म्हणाले, "मागं मोटारीची केबल गेली होती की." मी विचारलं, "कुणी नेली ते सापडलं का?" ते थोडा वेळ गप्प बसले. "सापडलं नाही. पण पालावरची दोन पोरं नेली होती चौकशीला. सोडली नंतर."

मग आण्णांनीच एक आठवण काढली. त्यांच्या लहानपणी ज्वारीच्या राखणीला एक पारधीच असायचा. हुरड्याच्या दिवसांत रात्रभर जागायचा. मी विचारलं, "त्यानं कधी कणसं नेली?" आण्णा म्हणाले, "नाही. मागून न्यायचा. माणूस सरळ होता." मी पुढे काही बोलले नाही. त्यांचं बोलणं त्यांनाच ऐकू गेलं होतं.

त्या दिवशी मला काही गोष्टी कळल्या, त्या तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, चारचौघांत मोठ्या माणसाला खोटं पाडू नका. भरल्या ताटावर तर नकोच. तिथं तो आपला मान वाचवायला बोलतो, विचार करत नाही. एकटं गाठून बोला.

दुसरी, माणसाला नाव ठेवू नका, त्याच्या बोलण्याला प्रश्न विचारा. 'तुम्ही जुनाट आहात' म्हटलं की दार बंद होतं. 'तुम्ही स्वतः पाहिलंत का?' याला उत्तर शोधावं लागतं.

तिसरी, घरात एक तरी माणूस आपल्या बाजूला घ्या. मी मालकांना म्हटलं, "तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका, पण बैठकीच्या दिवशी घरी थांबा." ते थांबले, आणि तेवढ्यानंही फरक पडला.

चौथी, कुठं थांबायचं नाही तेही ठरवून ठेवा. एकदा माझा मुलगा वर्गातल्या मुलीला 'चोराची पोर' म्हणाला. तो शब्द त्यानं घरातच उचलला होता. त्या वेळी मी एकांताची वाट बघितली नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, "हा शब्द या घरात पुन्हा निघणार नाही." सासूबाईंना राग आला. येऊ दे. मोठ्यांचं मन वळवायला वेळ देता येतो, पण मुलाच्या तोंडात बसलेला शब्द उद्या दुसऱ्या लेकराच्या काळजात घुसतो.

हेही लक्षात ठेवा की महाराष्ट्रात पारधी समाज अनुसूचित जमातीत येतो. चारचौघांत जातीवरून त्यांच्यापैकी कुणाचा अपमान करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. घरात मी या कायद्याची भीती घातली नाही, कारण भीतीनं माणूस फक्त गप्प होतो. पण पालावरच्या बायकांना हा हक्क माहीत असावा, म्हणून गटात मी तो वाचून दाखवला.

तुम्ही विचाराल, ती ताई हप्ते नीट भरते का? हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात. ती भरते. शेळ्यांसाठी घेतलेलं कर्ज फेडत आली आहे. पण हे सांगताना मला थोडं खटकतं. आपल्यातल्या एखादीचा हप्ता थकला तर 'बिचारीची अडचण असेल' म्हणतो, तिच्या जातीला दोष देत नाही. पारधी बाईनं मात्र हप्ता न चुकवून अख्ख्या समाजाचा प्रामाणिकपणा सिद्ध करायचा, असं का? उद्या तिचाही एखादा हप्ता थकेल. त्या दिवशी तिलाही 'बिचारीची अडचण असेल' एवढंच म्हटलं, तर ती आपल्या गटात खरी सामील झाली असं मी समजेन.

आमच्या घरी सगळं बदललं असं नाही. बैठक आता आमच्या पडवीत होते. पहिल्या वेळी सासूबाईंनी तिला वेगळ्या पेल्यात चहा दिला. मी काही न बोलता तसल्याच पेल्यात माझा चहा ओतून घेतला. पुढच्या महिन्यात सगळ्यांना सारखे कप आले. तरी बैठक संपेपर्यंत सासूबाई कपाटाच्या खोलीला कडी घालतात. मला ते दिसतं आणि त्या ताईलाही दिसत असणार. आण्णांना काय वाटतं ते ते सांगत नाहीत. पण परवा त्यांनी तिला विचारलं, "शेळी व्याली का गं?"

कडी अजून आहे, म्हणून माझं बोलणंही चालू आहे. तुमच्या घरात असा शब्द निघाला तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.