पाणी कुठून जाणार?

घर बांधायचे म्हटले की आपण आधी खोल्या मोजतो. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, पाहुण्यांसाठी जमल्यास एक जादा खोली. मग सिमेंट कोणते, लोखंड किती जाडीचे, यावर घरात आठ-पंधरा दिवस वाद. बँकेत असताना गृहकर्जाच्या असंख्य फायली माझ्या टेबलावरून गेल्या. सातबारा, मंजूर नकाशा, मूल्यांकनाचा दाखला, जामीनदारांच्या सह्या. कागद सगळे चोख असत. एक रकाना मात्र कुठल्याच छापील अर्जात नव्हता : या जागेवर पडणारे पावसाचे पाणी कुठून जाते? कर्ज पंधरा-वीस वर्षांचे, आणि घर तेवढी वर्षे उभे राहील की नाही हे ज्यावर ठरायचे, त्याची चौकशी शून्य.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारी तालुके पाहावेत. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा. तिथे पाऊस अक्षरशः कोसळतो. तोच पाऊस पूर्वेला नारायणगाव-मंचरपर्यंत येता येता इतका ओसरतो की शेतकऱ्याचे डोळे कालव्याकडे लागलेले असतात. एकाच तालुक्यात बांधकामाचे दोन वेगळे हिशेब मांडावे लागतात.

जुन्या लोकांनी ते मांडले होते. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतली सर्वांत जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. आपण लेण्याद्रीच्या गणपतीचे दर्शन घेतो, फार तर तुळजा लेण्यातला बारा खांबांचा गोल चैत्य पाहून येतो. मला मात्र कोरीव टाकी बघत बसायला आवडते. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने अशा दोन पोढ्या दान दिल्याची नोंद इथल्या शिलालेखात आहे. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला पुण्य मिळवायला मूर्ती नव्हे, पाण्याची टाकी सुचली! डोंगराचे पाणी अडून बसले तर लेण्यात शिरणार. त्याला टाक्याकडे नेले तर तेच भिक्षूंची तहान भागवणार. कोरणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते.

आपल्या काळातले उदाहरण त्याच तालुक्यात खोडदला आहे. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात तिथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. एवढी तबकडी पत्र्याची केली असती, तर वाऱ्यापुढे तिला धरून ठेवायला केवढे लोखंड लागले असते! त्यांनी बारीक पोलादी तारांची जाळी वापरली. वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो. पैसाही वाचला, हे माझ्यातला बँकवाला आवर्जून नोंदवतो.

आता आंबेगाव तालुक्यातल्या माळीणकडे येऊ. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराची बाजू चिखल होऊन गावावर आली. १५१ माणसे गेली. नेहमीची एस.टी. घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसेना. बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती त्याच्यामुळे. गावातली शाळेची इमारत तेवढी वाचली. तिला तिच्या भिंतींनी वाचवले नाही, जागेने वाचवले. लोंढा तिच्या बाजूने गेला. डोंगर का सुटला यावर पुढे बरीच चर्चा झाली. कुणी पडकईवर, म्हणजे उतार फोडून भातखाचरे काढण्याच्या कामावर बोट ठेवले, कुणी सतत कोसळलेल्या पावसावर. दोन्ही बाजू ऐकल्या तरी मातीत मुरून अडकलेल्या पाण्यापाशीच येऊन थांबावे लागते.

वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे नवे माळीण वसवले गेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील तज्ज्ञांचा सल्ला घेतला. प्रत्येकी ४९१ चौरस फुटांची, भूकंप सोसतील अशी ६७ घरे उभी राहिली. जवळजवळ तीन वर्षे पत्र्याच्या निवाऱ्यांत काढलेल्या माणसांना २ एप्रिल २०१७ रोजी ती मिळाली. आणि जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, घरांभोवतीचा भराव खचला. रस्ते फाटले, गटारांची आणि संरक्षक भिंतींची पडझड झाली. घरांचा मूळ सांगाडा सुरक्षित आहे, असे प्रशासनाने सांगितले. ते खरेच असेल. पण ज्या माणसाने आपले अख्खे गाव मातीखाली गेलेले पाहिले आहे, त्याच्या अंगणातली माती सरकू लागली, तर त्याला खांब-तुळयांचे गणित कसे समजावणार?

उतारावर वसाहत करायची तर एका बाजूने डोंगर कापावा लागतो आणि दुसरीकडे माती भरावी लागते. कापलेली जमीन पिढ्यान् पिढ्या दबलेली असते. भरलेली काल टाकलेली. भराव पातळ थरांत घालून, पाणी मारून, रोलरने दाबत न्यावा लागतो, आणि जमले तर एक पावसाळा खाऊ द्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच गोष्ट पुनर्वसनात कुणाकडे नसते. घाई करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पत्र्याखालच्या माणसांनीही घाईच मागितली होती. मला खटकते ते कामाचे वाटप. वास्तुरचनाकार घराचा नकाशा काढतो, अभियंता खांबांतले लोखंड ठरवतो, ठेकेदार माती भरतो. दोन घरांमधले गटार नक्की कुणाचे? आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडी घराभोवती चर खणण्याचे काम घरातल्या म्हाताऱ्याचे असे, आणि पागोळ्यांचे पाणी कुठे वळवायचे हे तो कुणाला विचारत नसे.

पुढे २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यात तळिये गेले, १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळवाडी. तिथल्या माणसांसाठीही नवी घरे बांधायची वेळ आली. अशी वसाहत पाहायला गेलेले पाहुणे आत शिरून फरशी बघतात, नळ सोडून बघतात. मी घराच्या मागे जातो, तेही भर पावसात. संरक्षक भिंतीत पाणी निचरण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती वाहत असतील तर ठीक. धो धो पावसात ती कोरडी असतील आणि भिंतीला पोट आलेले असेल, तर त्या घरच्या माणसाला मी सांगतो : चहा राहू दे, आधी इंजिनिअरला फोन लाव.